पाच जुळले, सहावी चुकली

"जुळलं! पाचवंही जुळलं!"

पुढच्या रांगेतून कोणीतरी किंचाळलं आणि गोदामात टाळ्यांचा असा कडकडाट उठला, की पत्र्याखाली बसलेली कबुतरं फडफडून उडाली. माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. एकाची चप्पल माझ्या मांडीवर येऊन पडली, त्याला पत्ताच नाही. माझ्या शेजारी बसलेली बाई एरवी कपड्यावरच्या एका सुरकुतीसाठी माझ्या दुकानात तासभर भांडते. ती माझा दंड धरून ढसाढसा रडत होती.

"काकू, अंगावर काटा आला हो!"

"माझ्याही आलाय. पंखा नेमका माझ्याच डोक्यावर आहे."

तिला ते ऐकू गेलं नाही. त्या दिवशी कोणालाच काही ऐकू जात नव्हतं.

गोदाम पूर्वी टायरचं होतं. अजून रबराचा वास मारतं. त्यात प्लायवूडच्या सहा खोल्या उभ्या केल्या होत्या. प्रत्येकीत एक टेबल, एक खुर्ची, एक दिवा, बाहेरून कुलूप. सहा माणसं पांढरे झगे घालून आत गेली. झगे माझ्याच लॉन्ड्रीतून इस्त्री होऊन गेले होते, म्हणजे चमत्काराला कडक घडी मीच घातली म्हणा. प्रत्येकाच्या हातात एका जुन्या हिब्रू पानाची झेरॉक्स. त्याचं आपल्या भाषेत भाषांतर करायचं. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. तास-दोन तासांनी कुलपं उघडली आणि एकेकाचा कागद वाचला, तर पाच जणांची भाषांतरं तंतोतंत एक. शब्दाला शब्द, स्वल्पविरामाला स्वल्पविराम.

आमच्यासारख्या ठिकाणी हिब्रू कुठून आली, असं विचाराल. वाचनालयात जुन्या पानांची एक पेटी आहे, कोणा विद्वानाने मरताना देऊन टाकलेली. ती पानं वाचता यावीत म्हणून एक निवृत्त सर संध्याकाळी हिब्रू शिकवतात. माझा मुलगा तिथे शिकला. सूनही तिथेच शिकली. दोघांनी एकमेकांना आणखी काय शिकवलं ते आम्हाला थेट लग्नाच्या गोष्टी निघाल्यावर कळलं.

सरांच्या त्या वर्गावर वर्षभरापूर्वी हा खोल्यांचा सोहळा मांडणाऱ्या गुरुजींची नजर पडली. लोक गुरुजी म्हणतात, मी पोकळबुवा म्हणते. कारण माणूस दर दोन वाक्यांनी तेच सांगतो.

"भाषांतर कोण करतं?" त्या दिवशीही हात पसरून त्याने विचारलं. "कोणीच नाही! शब्द म्हणजे टरफल. दाणा आत. डोळ्यांनी वाचाल तर जन्मभर टरफलं चावाल. डोळे मिटा. वाचू नका, येऊ द्या. पोकळ व्हा, वेळूसारखे पोकळ व्हा!"

पोकळ तर समोर बसलेले सगळे होतेच. वेगळं व्हायची गरज नव्हती.

मग त्याने गोष्ट सांगितली. फार पूर्वी एका राजाला हिब्रू धर्मग्रंथ ग्रीक भाषेत हवा होता. त्याने बहात्तर जाणती माणसं बोलावली, बहात्तर खोल्यांत कोंडली आणि बहात्तर जणांचं भाषांतर अक्षर न अक्षर एक निघालं. "त्या दिवशी तिथे जो बोलला, तोच आज इथे बोलला!" पुन्हा टाळ्या.

पाच जणांत माझा मुलगा होता. मान खाली, चेहरा असा की जणू नुकतीच स्वर्गात हजेरी लावून आला आहे.

सहावी खोली माझ्या सुनेची होती. तिचा कागद शेवटी वाचला. पहिल्याच ओळीला वेगळा. दुसऱ्या ओळीला आणखी वेगळा. टाळ्या थांबल्या. पोकळबुवाने कागदाची घडी केली आणि आवाज असा मऊ केला, की ऐकणाऱ्याला वाटावं बाप बोलतो आहे.

"पाच आरसे स्वच्छ आहेत. सहाव्यावर धूळ आहे. मीपणाची धूळ. रागावू नका तिच्यावर, कीव करा."

लगेच शेकडो डोळे माझ्या सुनेची कीव करायला वळले. ती ताठ उभी होती. फक्त झग्याची बाही मुठीत चुरगळत होती.

कीव करून भागलं असतं तर मी काही बोलले नसते. पण आठवड्याने पोकळबुवाचा निरोप आला. सुनेला वर्षभर डोंगरावरच्या शुद्धिगृहात पाठवा. वाचायचं नाही, लिहायचं नाही, मुलीला भेटायचं नाही. वाचनालयासाठी ती त्या पेटीतल्या पानांचं भाषांतर करत होती, तीन वर्षांची मेहनत. तेही थांबवायचं, अशुद्ध हाताचं म्हणून. पुढचा मोठा कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी निघायचं.

आणि माझा शहाणा मुलगा म्हणाला, "वर्षच तर आहे."

"तुझी मुलगी सहा वर्षांची आहे," मी म्हणाले. "तिच्यासाठी वर्ष म्हणजे किती, ते विचारून बघ तिला."

"आई, तुला कळत नाही. मी स्वतः अनुभवलंय. शब्द आपोआप आले. मी काहीच केलं नाही."

"काहीच न करता आलेलं काम तुला लहानपणापासून आवडतं, ते माहीत आहे मला."

तो उठून गेला. सून भांडी घासत होती. नळ मोठा सोडला होता, म्हणजे रडत असणार.

खरं सांगते, आमचं दोघींचं काही गूळपीठ नाही. तिला वाटतं मी सगळ्यात नाक खुपसते, मला वाटतं ती कुठेच लक्ष देत नाही. पण चोर म्हणायचं तर आधी चोरी दाखवा. माझ्या घरातल्या बाईवर डाग आहे म्हणे. कोणता डाग, कुठे आहे, कसा पडला, काही नाही, नुसतं म्हणायचं! माझ्या दुकानात गिऱ्हाईकसुद्धा डाग दाखवल्याशिवाय तक्रार करत नाही.

मी नळ बंद केला. "तुझं का नाही जुळलं?"

"मी वाचलं म्हणून."

"नीट सांग."

तिने हात पुसले. "आई, एका हिब्रू शब्दाला आपल्याकडे चार-पाच शब्द बसू शकतात. प्रत्येक ओळीला मी एक उचलते, बाकीचे सोडते, आणि सोडलेल्यांची चुटपुट लागते. दुसरा माणूस दुसरा उचलेल. पान संपेपर्यंत आमच्या वाटा वेगळ्या होणारच. अर्थ जवळपास राहील, शब्द राहणार नाहीत. पाच जण स्वल्पविरामापर्यंत जुळले याचा अर्थ देव बोलला असा होत नाही. पाच जणांनी ते पान वाचलंच नाही, असा होतो."

"मग काय वाचलं?"

"तेच तर कळत नाही. खोल्या बंद होत्या. मी स्वतः पाहिल्या. भोक नाही, फोन नाही."

हे मला पटलं. दोन बायकांना एकच कणीक दिली तरी पोळ्या सारख्या होत नाहीत. पाच जणींच्या पोळ्या करपल्याच्या ठिपक्यासकट सारख्या निघाल्या, तर मी म्हणेन बाजारातून आणल्यात.

मी हे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागले. काय उपयोग? एकजण म्हणाला, "काकू, सुनेची बाजू घेताय, छान आहे." म्हणजे सासू असून खरं बोलते याचंच त्याला नवल, खरं काय आहे त्याचं नाही. डॉक्टरांना तरी कळेल म्हणून त्यांच्या कोटाची घडी घालता घालता विषय काढला. तर चष्मा पुसत म्हणाले, "काही गोष्टी विज्ञानाच्या पलीकडे असतात."

"माझा गुडघा त्यातलाच का? मग दोन वर्षं तपासणीची फी कशाची घेतलीत?"

ते हसले. सगळे हसायचे आणि कपडे घेऊन जायचे. मी मेली तोंडाची वाफ दवडत राहायची. दुकानात वाफेला तशीही कमी नाही.

मोठा कार्यक्रम जवळ आला. या वेळी नवीन पान असणार होतं, सीलबंद पाकिटातून सगळ्यांसमोर निघणार होतं. बाहेरून बडी मंडळी येणार होती. झगे पुन्हा इस्त्रीला आले.

एका दुपारी मुलगा दुकानात मला हात द्यायला आला होता. इस्त्री फिरवता फिरवता त्याचे ओठ हलत होते. सवयच लागली होती त्याला, अंघोळीला जाताना, जिना चढताना, सतत काहीतरी पुटपुटायचं. त्या दिवशी मशीन बंद होतं, म्हणून शब्द कानावर आले.

"माझ्यातलं दार उघडं आहे, पहारेकरी निजला आहे, आणि मी कोण असं विचारणारा कोणी उरला नाही..."

मुलगा कपडे पोहोचवायला बाहेर पडला आणि थोड्या वेळाने कोपऱ्यावरचा औषधवाला आपला झगा घ्यायला आला. तोही पाचांपैकी एक. मी बटण लावेपर्यंत तो बाकावर बसला, डोळे मिटले आणि त्याचे ओठ हलायला लागले.

"...पहारेकरी निजला आहे, आणि मी कोण असं विचारणारा..."

सुई माझ्या बोटात घुसली.

मुलगा परत आला तशी मी विचारलं, "तू जे पुटपुटतोस ते तो औषधवाला का म्हणतो?"

त्याचा चेहरा इस्त्री न केलेल्या कपड्यासारखा झाला. "काय ऐकलंस तू?"

मी म्हणून दाखवलं. त्याने माझ्या तोंडावर हातच ठेवला.

"आई! ते गुरुजींनी माझ्या एकट्याच्या कानात दिलंय. फक्त मला. कोणाला सांगितलं तर वाचा जाते. त्याने दुसरंच काही म्हटलं असेल, तुला ऐकण्यात चूक झाली."

"दोन्ही माझ्या कानांनी ऐकलं. वाचा तुझी गेली नाही, त्याची गेली नाही. माझी गेली तर अख्खी गल्ली आनंदाने नाचेल, पण तीही जाणार नाही."

तो निघूनच गेला. स्वतःच्या पोटच्या पोराला आईच्या कानांपेक्षा परक्याची कुजबुज खरी वाटते, याचा जो संताप येतो ना, तो कोणत्याही साबणाने निघत नाही.

घरी येऊन मी सुनेला ते वाक्य सांगितलं. ती मुलीचे केस विंचरत होती. फणी तशीच केसात अडकवून तिने मला दोनदा म्हणायला लावलं.

"हे पेटीतलं पान आहे," ती म्हणाली. "पहारेकऱ्याचं. मला ते जवळजवळ पाठ आहे. पण हे भाषांतर चुकीचं आहे. मुळात दार कुठेच नाही. आणि पहारेकरी निजलेला नाही, तो जागा राहून पहाटेची वाट बघतोय."

"बुवाने त्याला झोपवलं. पहारेकरी जागा असलेला कोणत्या चोराला आवडतो?"

पण ती हसली नाही. "आई, पाकीट अजून उघडायचंय. पान कोणतं येणार ते कोणालाच माहीत नाही म्हणतात. मग त्याचं भाषांतर यांच्या ओठांवर आत्ताच कसं?"

मग तिला एक जुनी गोष्ट आठवली. वर्गात गुरुजी एकेकाला आतल्या खोलीत बोलवून कानात काही सांगायचे. हिची पाळी आली तेव्हा ही म्हणाली, "कानात कशाला? मोठ्याने सांगा, मला नीट ऐकू येतं." तो नुसता हसला आणि म्हणाला, तुझी वेळ आली नाही.

"तरीही मला सहाव्या खोलीत का बसवलं?" तिने विचारलं. "माझं जुळणार नाही हे त्याला माहीत होतं."

"म्हणूनच बसवलं. पाच जुळले की लोक टाळ्या वाजवतात. सहावी चुकली की लोक घाबरतात. नुसत्या टाळ्यांवर बुवांचं दुकान चालत नाही."

दोघी तशाच उठून सरांकडे गेलो. सर वाचनालयाच्या मागच्या खोलीत राहतात. खुर्चीवर पुस्तकं, पलंगावर पुस्तकं, आम्ही उभ्याच राहिलो. सुनेने विचारलं, "सर, पाकिटात घालायला पान कोणी निवडलं?"

सर चाचरले. "गुरुजींनीच. दोन महिन्यांपूर्वी निरोप पाठवला, पहारेकऱ्याचं घाला म्हणून. मागच्या वेळीही त्यांनीच सांगितलं होतं."

"आणि तुम्ही गप्प बसलात?" मी म्हणाले.

"मला वाटलं, या निमित्ताने लोकांना हिब्रूची गोडी लागेल..."

"लागली ना! कोणाला वाचायची नाही, पण गोडी लागली."

सर खजील झाले. "आणि ती बहात्तर खोल्यांची गोष्टही धड नाही," ते पुटपुटले. "सगळ्यात जुनी हकिकत जी मिळते, तिच्यात वेगवेगळ्या खोल्या नाहीतच. ती माणसं एकमेकांचं लिखाण ताडून बघत होती आणि मग एकमत करत होती. खोल्या मागाहून सांगणाऱ्यांनी बांधल्या. तेवढ्यावरही लोकांचं समाधान झालं नाही. पुढे इतरांनी पुन्हा पुन्हा ग्रीक भाषांतरं केली, आणि एका अभ्यासकाने ती शेजारी शेजारी मांडून ठेवली, कुठे जुळत नाहीत ते दिसावं म्हणून. एका नातवाने आजोबांचं हिब्रू पुस्तक ग्रीकमध्ये नेलं, तर त्याने सुरुवातीलाच वाचकांची माफी मागितली. मूळ भाषेतलं बळ दुसरीत तसंच उतरत नाही, सांभाळून घ्या म्हणाला."

"मग हे तिथे गोदामात का नाही बोललात?" सून म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढलेला ऐकला मी. "माझी मुलगी माझ्यापासून तोडतायत, सर."

सरांनी पलंगावरची पुस्तकं सारून आम्हाला बसायला जागा केली. मग म्हणाले, "पाकीट मीच बंद करणार आहे. त्यात दुसरं पान घालता येईल."

"ही फसवणूक नाही ना?" त्यांनीच पुन्हा विचारलं.

"पानच घालायचंय ना?" सून म्हणाली. "जो समोरचं वाचेल त्याचं काहीच बिघडणार नाही. फक्त कोणतं घालताय ते मलाही सांगू नका."

याला म्हणतात नेकी. मी तिच्या जागी असते तर विचारून घेतलं असतं.

कार्यक्रमाच्या दिवशी गोदाम ओसंडत होतं. सुनेने सहावी खोली मागितली आणि पोकळबुवाने मोठ्या मनाने दिली. "बसू दे. फरक सगळ्यांना दिसू दे." सरांनी पाकीट सर्वांसमोर फोडलं, सहा झेरॉक्स सहा जणांना दिल्या. कुलपं लागली. बुवा पुन्हा टरफलं आणि दाणे पाखडत बसला.

कुलपं उघडली. पहिला कागद माझ्या मुलाचा.

"माझ्यातलं दार उघडं आहे, पहारेकरी निजला आहे..."

दुसरा औषधवाल्याचा. तेच. तिसरा बँकेतल्या बाईचा. तेच. चौथा, पाचवा, तेच. लोक उभे राहिले, रडले, एकमेकांना मिठ्या मारल्या. बाहेरून आलेल्या एका बड्या माणसाने चक्क बूट काढले.

मग सहावा. पोकळबुवाने तो स्वतः वाचला, एकेक शब्द चघळत.

"लोकरीच्या किंवा तागाच्या कपड्यावर हिरवट अथवा तांबूस डाग दिसला तर तो कपडा पुरोहिताला दाखवावा. सात दिवस बाजूला ठेवावा. डाग पसरला तर कपडा जाळावा. पसरला नाही तर धुवावा..."

आधी एक माणूस हसला, मग दहा, मग अख्खं गोदाम. "लॉन्ड्रीवालीची सून ती!" कोणीतरी ओरडलं. "स्वर्गाच्या दारातही हिला डागच दिसला!" माझ्या शेजारची ती सुरकुतीवाली बाई तोंडाला पदर लावून हसत होती. माझा मुलगा, तिचा नवरा, जमिनीकडे बघत होता. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती मागे सरली नाही.

सर उठले. आपल्याजवळची प्रत उंच धरून त्यांनी हिब्रूतली एकेक ओळ वाचली आणि तिचा अर्थ सांगितला. लोकर. ताग. हिरवट डाग. तांबूस डाग. धुणं. पुन्हा धुणं.

"धर्मग्रंथातलं पान आहे," सर म्हणाले. "कपड्यांवरच्या डागांचं. पहारेकऱ्याचं पान पेटीतच आहे. मी आज ते आणलंच नाही. या पानात दार नाही, पहारेकरी नाही. या पाच जणांनी कोणत्या पानाचं भाषांतर केलं?"

हसणं थांबलं. मला वाटलं, संपलं. आता तरी डोळे उघडतील. पण मी माणसांना ओळखते म्हणतात ते खोटं आहे. पोकळबुवाने डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला आणि स्मित केलं.

"सरांनी बाहेरचं पान बदललं. आतलं पान कोण बदलणार? जे यायला हवं होतं तेच आलं. अहो, हा तर दुप्पट चमत्कार!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! माझ्या डोळ्यांदेखत! मागच्या रांगेतून, मग मधून, पावसाच्या सरीसारख्या पुढे येत गेल्या. सर मटकन खाली बसले. मला वाटलं, भिंतीवर डोकं आपटावं, निदान प्लायवूड तरी फुटेल.

मी उठले आणि तशीच व्यासपीठावर चढले. दुखरा गुडघा पुढे करून.

"माते," बुवा म्हणाला, "शांत व्हा."

"मी तुझी माता असते तर तू आज गोदामात नसतास, शाळेत असतास." मी त्या पाच जणांकडे वळले. "तुम्हाला याने कानात काय सांगितलं, ते मोठ्याने म्हणा."

पाचही जण दचकले. बुवाचा आवाज पहिल्यांदा कोरडा झाला. "गुप्त साधना उघड करणाऱ्याची वाचा जाते."

"मला कोणी शपथ घातलेली नाही. मीच म्हणते." आणि जिन्याच्या खालून वर हाक मारते त्या आवाजात मी म्हणाले, "माझ्यातलं दार उघडं आहे, पहारेकरी निजला आहे, आणि मी कोण असं विचारणारा कोणी उरला नाही! हे यांनी आज लिहिलं. आणि हेच माझा मुलगा दोन महिने पुटपुटतो आहे."

"काकू!" औषधवाला ताडकन पुढे आला. "ते माझं आहे! तुमच्या मुलाला दोन महिने आधी कसं माहीत?"

"तुमचं?" बँकेतली बाई म्हणाली. "मला दिलंय ते. मला एकटीला. गुरुजी म्हणाले, हे दुसऱ्या कोणाच्या कानात कधीच गेलेलं नाही."

"मलाही तेच म्हणाले," चौथा म्हणाला.

पाचवा खाली बसला.

माझ्या मुलाने पहिल्यांदा वर बघितलं. आधी त्या चौघांकडे, मग बुवाकडे. "तुम्ही म्हणालात फक्त मला," तो म्हणाला. आवाज एवढा बारीक, जणू तिसरीतला पोरगा विचारतो आहे. "मला वाटायचं, इतरांना ते नुसत्या कृपेने सुचतं आणि मला तेवढं आधी मिळालंय. म्हणून मी गप्प राहिलो. थोडी लाज वाटायची. थोडा... अभिमानही."

"मलाही तसंच वाटायचं," औषधवाला म्हणाला.

झालं. एवढंच होतं ते यंत्र. पान आधी निवडायचं. त्याचं भाषांतर स्वतः रचायचं, तेही भलतंच. मग ते स्वल्पविरामांसकट एकेकाला वेगळं बोलावून कानात ओतायचं आणि प्रत्येकाला सांगायचं, हे फक्त तुझं, कोणाला सांगू नकोस. वर शिकवायचं की समोरचा कागद वाचणं म्हणजे टरफल चावणं. बंद खोलीत माणूस डोळे मिटून बसला की दोन महिने घोटलेलं आपोआप वर येतं. त्यालाही वाटतं चमत्कार झाला. पाच जण खोटं बोलत नव्हते. खोटं बोलणारा एकच होता आणि त्याने कुलपं खोल्यांना नाही, तोंडांना लावली होती.

बुवाने त्याच क्षणी मौन धारण केलं आणि मौनातच गाडीत बसून निघून गेला.

तुम्हाला वाटेल, मग सगळ्यांनी सुनेचे पाय धरले असतील. छे! बाहेर पडताना सुरकुतीवाली बाई म्हणाली, "पण काकू, मागच्या वेळचं तरी खरं असेल." बँकेतल्या बाईने मला ऐकवलं, की मी तिचं वाक्य चारचौघांत म्हटल्यामुळे त्याचं फळ गेलं. डॉक्टर म्हणाले, प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात. मला तर वाटतं, पुढच्या शहरात बुवाच्या खोल्या एव्हाना उभ्या राहिल्या असतील आणि या वेळी पाकीट तो स्वतःच बंद करत असेल.

सून मात्र डोंगरावर गेली नाही. मुलाने तिची माफी मागायला सुरुवात केली तेव्हा ती म्हणाली, "माफी नको. ते पान तू बघितलंस का, एवढंच सांग."

"बघितलं," तो म्हणाला. "लोकर हा शब्द दिसला होता. मला वाटलं ते टरफल आहे. म्हणून डोळे मिटले."

यावर तिने त्याच्याकडे जसं रोखून बघितलं, तसं मी आयुष्यात कधी नवऱ्याकडे बघू शकले नाही. मग तिने डागांच्या पानाची झेरॉक्स त्याच्यापुढे ठेवली. "आता वाच."

दुसऱ्या दिवशीपासून दोघे जेवणाच्या टेबलाशी वेगवेगळे लिहीत बसतात आणि मग कागद शेजारी ठेवतात. जुळत नाहीत. तो म्हणतो हा शब्द 'पुरोहित' नको, ती म्हणते हवाच. तो म्हणतो 'तांबूस', ती विचारते 'लालसर' का नाही? आवाज चढतात, नात कान झाकून माझ्याकडे येते आणि विचारते, आई-बाबा भांडतायत का? मी म्हणते, नाही गं, वाचतायत.

म्हणून सगळ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. शिकलेले असा नाहीतर माझ्यासारखे चौथीतून उठलेले. दहा जण एकच गोष्ट एकाच शब्दांत सांगायला लागले, तर भारावून जाऊ नका. दहा जणांनी ती पाहिली का, की एकाने दहा जणांच्या कानात सांगितली, हे आधी विचारा. जे चारचौघांत मोठ्याने सांगता येत नाही, ते कानात घेऊ नका. आणि तुमच्या घरात कोणी एकटं वेगळं बोलत असेल, तर त्याच्यावर धूळ आहे म्हणण्याआधी समोरचा कागद स्वतः उचलून बघा. तेवढी तसदी त्या गोदामात पहिल्याच दिवशी एकानेही घेतली असती, तर माझ्या सुनेला उभं राहून शेकडो माणसांचं हसणं ऐकावं लागलं नसतं.